डोंगरगडची चढण

माझी सासू चढावर कशी चालते हे मला लग्नानंतर कितीतरी दिवस माहीत नव्हतं, कारण आम्ही राहायचो त्या भिलाईच्या खुर्सीपारला चढ नव्हताच. सगळी सपाट, लाल मुरमाची जमीन. त्या जमिनीवर बांबूचे ताटवे उभे करून वर ताडपत्री टाकलेल्या आमच्यासारख्यांच्या झोपड्या, आणि झोपड्यांच्या पलीकडे दिवसरात्र वाढत चाललेला पोलादाचा कारखाना. माझे वडील दुर्ग लाइनवर गँगमन होते, त्यामुळे गाड्यांच्या आवाजाची मला सवय होती. पण या आवाजाची सवय व्हायला वेळ लागला. लोखंडावर लोखंड पडायचं आणि घरातल्या पितळी गिलासातलं पाणी हलायचं.

नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नाही, इथेही नुसतं ‘हे’ असंच लिहीन. हे उंचावर लोखंडी गर्डर चढवणाऱ्या टोळीत होते. कमरेला दोर बांधून वर जायचं, क्रेनने आणलेला गर्डर दोराने ओढून जागेवर बसवायचा, बोल्ट मारायचे. घरी आले की हाताची बोटं वाकलेलीच राहायची. जेवताना भाकरीचा तुकडा मोडायला त्यांना दोन्ही हात लागायचे.

सासूला आम्ही दोघंही माय म्हणायचो. गोंदियाच्या बाजूला तिने उभी हयात बिड्या वळल्या होत्या. तंबाखूची धूळ छातीत बसलेली, त्यात भिलाईची लाल धूळ. तिचा खोकला सकाळच्या भोंग्याच्या आधी सुरू व्हायचा. तिच्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. नागपूरला दीक्षा झाली तेव्हा माय शेजारणींबरोबर पांढरं लुगडं नेसून गेली होती. परत आल्यावर घरातले देव तिने स्वतःच्या हाताने सुपात घालून नदीत नेऊन सोडले. कोणी सांगावं लागलं नाही. त्यानंतर तिने उपास केला नाही, अंगारा लावला नाही. शेजारची बाई नजर काढायला आली तेव्हा तिला चहा पाजून परत पाठवलं. माय श्रद्धेत डळमळीत होती असं कोणी म्हणू नये, म्हणून हे सांगते आहे.

कारखान्याची पहिली भट्टी पेटली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मला मुलगी झाली आणि थोड्याच दिवसांत गेली. त्याबद्दल मला फार लिहिता येत नाही. मी बाळंतपणाहून घरी आले, ताटव्याला टेकून बसायची, आणि माय माझ्या वाट्याचं सगळं काम करायची. टँकर आला की पाण्यासाठी रांगेत उभी राहायची, चूल पेटवायची, यांचे ग्रीसचे कपडे सोड्यात भिजवायची. मला ऊठ म्हणाली नाही आणि रडू नको असंही म्हणाली नाही. मी अंगावरचं दूध सुकेपर्यंत बसून होते. मग एका दिवशी उठले, कारण मायला उभं राहता येईना.

उन्हाळा लागायच्या सुमाराला आम्ही दोघी दारात तांदूळ निवडत बसलो होतो. माय सुपाकडे बघतच म्हणाली, “मले डोंगरगडले जाचं हाये.”

डोंगरगड म्हणजे दुर्गहून नागपूरकडे जाताना लागणारं स्टेशन. माहेरी येता-जाता मी ते गाडीतून किती वेळा पाहिलं होतं. सपाट शेतांतून अचानक उठलेला काळ्या दगडांचा डोंगर, त्याच्या टोकावर देवीचं पांढरं देऊळ. तिला कोणी बमलाई म्हणतात, कोणी बम्लेश्वरी. डबा तिथे आला की निम्मी माणसं खिडकीशी येऊन हात जोडायची. आमच्या घरात दीक्षेआधी जोडत होते, नंतर कोणी जोडत नव्हतं. मायच्या तोंडून त्या डोंगराचं नाव ऐकून मला वाटलं, मुलीच्या जाण्याने तिचं मन फिरलं.

पण तसं नव्हतं. तिने सांगितलं ते असं. तिची दोन मुलं आधीच गेली होती, हे तिसरे. हे तीन-चार वर्षांचे असताना तापाने फणफणले. माय तेव्हा डोंगरगडला बहिणीकडे गेली होती. बहिणीचा नवरा इंजिनात कोळसा भरायच्या कामावर. औषध संपलं, ताप उतरेना, तेव्हा माय त्यांना पदरात गुंडाळून डोंगराच्या पायथ्याशी, तळ्याच्या काठावर घेऊन गेली. वर जायचं तिने मनात आणलं नाही. का आणलं नाही हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या घरांतून ते विचारावं लागत नाही. तिथे उभी राहून ती वर बघून म्हणाली होती, याला जगव, मी याला त्याच्या पायाने चालवत वर आणीन. ताप उतरला. मुलगा मोठा झाला. पण बिड्यांतून सवड मिळाली नाही, मग नवरा वारला, मग दीक्षा झाली. दीक्षेनंतर तो विषयच संपला, असं तिला वाटलं होतं.

“पर नाई संपला,” माय म्हणाली. “तुयी पोर गेली ना, तवापासून तेच डोक्शात येऊन राहिलं. देवीपायी गेली असं नाई म्हणत मी. तसं नसते. पर म्या बोलली होती.”

यांच्या कानावर मीच घातलं. यांनी ऐकून घेतलं आणि जेवण झाल्यावर हे मायसमोर जाऊन बसले. आमच्या वस्तीत दर रविवारी एका ताडपत्रीखाली लोक जमायचे, बुद्धवंदना व्हायची, आणि वंदना सांगायचं काम यांच्याकडे होतं. कामावरून दमून आलेली माणसं, कोणी ओरिसाकडचे, कोणी आपल्या विदर्भाचे, यांच्या मागे पाली शब्द म्हणायची. त्याचा यांना अभिमान होता. सबंध आठवड्यात तेवढा एकच वेळ हे पाठ ताठ करून बसायचे.

“माय, तूच हात वर करून प्रतिज्ञा घेतली होती,” हे म्हणाले.

“घेतली. मोडून नाई राहिली. मले तिच्या पाया नाई पडाचं. काई मागाचंबी नाई.”

“मंग कावून जाचं?”

“म्या म्हटलं होतं म्हणून.”

हे म्हणाले की ज्याला मानत नाही त्याला दिलेला शब्द शब्दच नसतो. माय म्हणाली, शब्द तिने दिला होता, आणि ती तर अजून आहे. यावर यांनी आवाज चढवला. म्हणाले, मी वर पाय ठेवणार नाही, उद्या रविवारी मी लोकांना काय सांगू? माय उठून आत गेली.

त्यानंतर उन्हाळाभर त्या दोघांमध्ये कामापुरतं बोलणं राहिलं. मी मध्ये पडले नाही. खरं सांगायचं तर मला कोणाच्याच बाजूने बोलायचा जोर नव्हता. हे थकून यायचे, माय थकून झोपायची, मी थकलेलीच उठायची. घरात तिघं असून कोणी कोणाला सावरत नव्हतं. सुपेल्याच्या बाजारात जाऊन भाजी आणायची, ती चिरायची, शिजवायची, एवढंच डोक्यात असायचं.

पाऊस सरून शेतात धान उभं होतं तेव्हाची गोष्ट. हे दुपारपाळीला होते, म्हणून सकाळी घरी होते. मी पाणी भरून आले तर माय घरात नव्हती. शेजारी नव्हती, ताडपत्रीखाली नव्हती. तासाभराने एका भाजीवाल्याने सांगितलं की बुढी मोठ्या रस्त्याने दुर्गकडे चालली होती, सुपेल्यात तिने त्याला रस्ता विचारला होता. हे तसेच निघाले. ओळखीच्या ड्रायव्हरच्या ट्रकवर चढून गेले.

माय दुर्ग स्टेशनच्या फलाटावर खांबाला टेकून बसलेली सापडली. एवढं अंतर चालून तिचे पाय सुजले होते. तिच्या देखत दोन गाड्या निघून गेल्या होत्या, कारण कोणती कुठे जाते हे तिला कळलं नव्हतं आणि विचारायला श्वास उरला नव्हता. हे नंतर मला म्हणाले, “रडत नोयती. मले पाहून म्हणे, तू कावून आला, तुयी ड्युटी हाये ना.”

ते सांगताना यांनी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले, आणि पुढच्या सुट्टीला आपण जाऊ म्हणाले.

पॅसेंजर गाडी होती. खिडकीतून कोळशाचे कण येऊन डोळ्यांत जात होते. राजनांदगाव सोडल्यावर समोरच्या बाकावर एक छत्तीसगढी म्हातारी टोपली घेऊन बसली. आम्ही डोंगरगडला चाललो हे कळताच तिने आपल्या बोलीत डोंगराची सगळी हकिकत सांगायला घेतली. तिथे फार जुनी नगरी होती म्हणे, मोठी, वैभवाची. राजाला मूल नव्हतं. त्याने देवीला साकडं घातलं, वर्षभरात मुलगा झाला, म्हणून त्याने डोंगरावर देऊळ बांधलं. पुढे त्या मुलाच्या दरबारात एक नाचणारी होती आणि एक वीणा वाजवणारा परदेशी आला. दोघांचा जीव जडला. राजाने वाजवणाऱ्याला हाकलून दिलं. दुसऱ्या एका मोठ्या राजाने त्याची बाजू घेतली, लढाई झाली, नगरी धुळीला मिळाली. मग त्या मोठ्या राजाने नाचणारीच्या प्रेमाची परीक्षा बघायची म्हणून वाजवणारा मेला अशी खोटी बातमी तिला दिली. तिने डोंगराखालच्या तळ्यात उडी घेतली. तिच्यामागे त्यानेही जीव दिला. तेव्हा देवीने दोघांना उठवलं. म्हातारी हे सगळं अशा खात्रीने सांगत होती की जणू तिच्या गावातल्या माणसांची गोष्ट आहे.

माय डोळे मिटून ऐकत होती. म्हातारी उतरायला दाराकडे गेली तेव्हा माय मला हळूच म्हणाली, “राजाले पोरगा झाला तं त्यानं देऊळ बांधलं. मले झाला तं म्या बिड्या बांधल्या.” आणि थोडी हसली. त्या वर्षात मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहत होते.

स्टेशनवरून डोंगर अगदी अंगावर आल्यासारखा दिसतो. आम्ही तळ्यापर्यंत चालत गेलो. तळ्याच्या पाण्यात डोंगराचं उलटं चित्र पडलं होतं आणि बायका त्यातच कपडे धूत होत्या. तिथून पायऱ्या सुरू व्हायच्या. पायऱ्या म्हणायच्या, पण पुष्कळ ठिकाणी नुसते दगड रचलेले, कुठे गुडघ्याएवढे उंच, कुठे घासून गुळगुळीत झालेले. यात्रेचे दिवस नव्हते, त्यामुळे गर्दी नव्हती. नारळवाला एकच, तोही पेंगत बसलेला.

तळ्याजवळच्या झाडाखाली हे बसले. म्हणाले, तुम्ही दोघी जाऊन या, मी इथे थांबतो. इथवर आलो तेवढं पुष्कळ झालं.

मायने त्यांच्याकडे पाहिलं. मग तीही खाली बसली.

“मंग मीबी इथंच थांबते,” ती म्हणाली. “मागच्या बारीलेबी इथंच थांबली होती.”

ती रागाने म्हणाली नाही. दमलेल्या आवाजात, नुसतं आहे तसं सांगितल्यासारखं म्हणाली. मी बाजूला उभी होते. तळ्यावर कोणीतरी कपडे आपटत होतं, तो आवाज डोंगरावर आदळून पुन्हा ऐकू येत होता. मग हे उठले. धोतराची माती झटकली, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि मायच्या कमरेला बांधलं. दुसरं टोक हातात धरून हे दोन पायऱ्या वर गेले.

“चाल,” म्हणाले. “घाई नाई.”

कामावर नवा माणूस वर चढवताना असं करतात, हे त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं. ओढायचं नाही. नुसता ताण ठेवायचा, म्हणजे पडणार नाही हे त्याला कळत राहतं.

माय कशी चढते हे मी त्या दिवशी पाहिलं. दोन्ही हात गुडघ्यावर टेकून, वाकून, एक पाय टाकला की दुसरा त्याच्याशेजारी आणून ठेवायचा. थोडं चढलं की खोकल्याची उबळ यायची आणि ती दगडावर बसायची. हे वर थांबायचे, उपरणं हातात तसंच. उतरणारे लोक बघत बघत जायचे. एका माणसाने हिंदीत विचारलं की बुढीला कशाला त्रास देता, खालूनच दर्शन घ्यायचं होतं. मी सर्वांत मागे होते. बाळंतपणानंतर माझ्या कमरेत जोर राहिला नव्हता आणि अर्ध्यावर माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली. मी तशीच चढत राहिले, कारण पुढे म्हातारी चढत होती आणि तिला मागे वळून बघायला लावायचं मला बरं वाटत नव्हतं.

वर पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. देवळासमोर थोडी माणसं होती, घंटा वाजत होती. माय देवळाकडे गेली नाही. बाजूला एक मोठा सपाट खडक होता, वारा तिथे जोरात येत होता. ती तिथे जाऊन उभी राहिली. कमरेचं उपरणं सोडलं. यांचं मनगट धरून त्यांना आपल्याशेजारी उभं केलं. हात जोडले नाहीत, डोकं टेकवलं नाही.

“आणला,” ती म्हणाली.

कोणाला म्हणाली ते मला सांगता येणार नाही. देवळाकडे तिचं तोंड नव्हतं, खाली तळ्याकडे होतं.

मग आम्ही खडकाच्या सावलीत बसलो. खाली रेल्वेची लाइन रेघेसारखी दिसत होती, हिरवीपिवळी शेतं, लहान लहान तळी. मायने विचारलं भिलाई कोणत्या बाजूला, तर यांनी सूर्य बघून एका बाजूला हात केला. तिकडे नुसतं धुरकट आभाळ होतं. हे खडकाभोवती फिरून आले आणि म्हणाले, एवढे मोठे दगड वर कसे चढवले असतील, क्रेन नाही, काही नाही. वाकून त्यांनी एका दगडाच्या सांध्यावर बोट फिरवलं. देवळाबद्दल त्यांनी त्या दिवशी काढलेला शब्द तेवढाच.

मी काही मागितलं का, असं पुढे मला एकदोघींनी विचारलं. नाही मागितलं. माणूस फार दमला की त्याला मागण्याएवढाही उत्साह राहत नाही. मी भाकरीचं फडकं सोडलं, तिघांना चटणी वाढली. इतक्यात देवळातून एक बाई आली आणि बसलेल्या सगळ्यांना खोबऱ्याचे तुकडे वाटत गेली. आमच्याही हातावर तिने ठेवले. हे आपल्या तळहाताकडे बघत बसले.

“खोबरं हाये,” माय म्हणाली. “भूक लागली असन तं खाऊन घे.”

यांनी खाल्लं.

हे प्रकरण तिथे संपलं नाही. आमच्याच परतीच्या गाडीत असलेल्या वस्तीतल्या एकाने आम्हाला डोंगरगड स्टेशनवर पाहिलं होतं. रविवारी ताडपत्रीखाली लोक जमले तेव्हा वंदनेच्या आधी एक वडीलधारे गृहस्थ उठले. ते चांगले होते, नागपूरहून पहिल्यांदा आलेल्या लोकांपैकी. त्यांनी शांतपणे विचारलं की आपण देवीला गेला होतात हे खरं का. हे म्हणाले, डोंगर चढलो हे खरं, हात जोडले नाहीत हेही खरं. कोणी म्हणालं, मग गेलातच कशाला. कोणी म्हणालं, पुढारीच असं करू लागले तर नव्याने आलेल्या माणसांनी काय शिकावं. हे मान खाली घालून ऐकत होते. उंचावर वाऱ्यात उभा राहणारा माणूस, पण तिथे त्यांची पाठ वाकलेली मला दिसत होती.

बायका एका बाजूला बसत. माय त्यांच्यात होती. ती हळूहळू उठली, खोकला आवरेपर्यंत थांबली.

“तो गेला नाई. म्या नेलं,” ती म्हणाली. “मी देवीले मानत नाई. पर आपल्या तोंडातून निंगालं ते मानतो का नाई आपण? पंचशीलात खोटं बोलू नये असं हाये ना? माया एक बोल खोटा राह्यला होता. तो खरा करून आली. आता काई बाकी नाई.”

एवढं बोलून ती बसली. तिला तेवढ्यानेच धाप लागली होती. कोणी वाद घातला नाही. पण सगळ्यांचं समाधान झालं असंही नाही. त्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी थोडा विचार करून सांगितलं की काही दिवस वंदना दुसऱ्या कोणी सांगावी. यांनी मान हलवली. पुढचे काही महिने हे सगळ्यांच्या मागे बसून वंदना म्हणत. घरी त्यांनी त्याबद्दल तक्रार केली नाही आणि मायला बोल लावला नाही. नंतर एका रविवारी वंदना सांगणाऱ्याची रात्रपाळी आली आणि त्याच गृहस्थांनी यांना पुढे बोलावलं. मग ते काम कायमचं यांच्याकडे आलं.

माय त्यानंतर फार वर्षं जगली नाही. आम्हाला क्वार्टर मिळालं, पक्क्या भिंतीचं, नळाचं. नळ सोडून ती त्याखाली हात धरून बसायची. तिथेच गेली. तोवर माझा मुलगा रांगायला लागला होता, तो तिने पाहिला.

आता हेही नाहीत. भिलाईत झाडं मोठी झाली, माणसं म्हातारी झाली. मुलगा कारखान्यातून रिटायर झाला. त्याची मुलगी, माझी नात, रायपूरला नोकरी करते. मराठी समजते तिला, बोलताना मध्येच हिंदीत जाते. गेल्या वर्षी तिने मला डोंगरगडला नेलं. पुष्कळ दिवसांपासून मागे लागली होती. मी नको म्हणून म्हणून थकले आणि गेले.

आता तिथे दोन डोंगर बघायला माणसं जातात. देवीच्या डोंगरावर तारेवरून पाळणे जातात. पायऱ्यांवर सगळीकडे पत्र्याचं छप्पर आहे, दोन्ही बाजूंना बांगड्या, चुनऱ्या, खेळणी, थंड पाण्याच्या बाटल्या, आणि माकडं. नवरात्रात तर मुंगीला जागा नसते म्हणतात. आणि अलीकडच्या दुसऱ्या डोंगरावर भगवान बुद्धाची मोठी मूर्ती बसवली आहे. माझ्या तरुणपणी तो नुसता उघडा खडक होता. आता तिथेही दरवर्षी मेळा भरतो, नागपूरकडून गाड्या भरून माणसं येतात. ते सगळं होण्याआधीच माय गेली. यांनी मात्र मूर्ती पाहिली. तेव्हा वर जाऊन खूप वेळ बसले होते.

नातीने तळ्याकाठी फोन काढून मला डोंगराचा इतिहास वाचून दाखवला. राजा, मुलगा, नाचणारी, वीणावाला, सगळं होतं. किती जुनं आहे यावर मात्र कोणाचं एकमत नाही, एक जण एवढी वर्षं सांगतो, दुसरा तेवढी. मी म्हटलं, जुनं आहे एवढं पुरे.

पाळण्यात बसून आम्ही देवीच्या डोंगरावर गेलो. मायचा खडक मी शोधला. आता सगळीकडे फरशी आहे, कठडे आहेत, चपला ठेवायच्या जागा आहेत. हाच असेल असं वाटून एका जागी उभी राहिले, मग वाटलं हा नाही. लाऊडस्पीकर फार मोठ्याने चालू होता. मला गरगरायला लागलं आणि आम्ही परत पाळण्यात बसलो.

बुद्धाच्या डोंगराला पाळणा नाही. दुपारी तिथे गेलो तेव्हा मी थोड्या पायऱ्या चढले आणि एका ओट्यावर बसले. नातीला म्हटलं, तू जाऊन ये. ती धावत धावत वर गेली. तिचा पाठमोरा कुर्ता लहान होत गेला. खाली शेतांवर ऊन उतरत होतं. माझ्या शेजारी एक बाई पाय चेपत बसली होती, भंडाऱ्याकडची. आम्ही दोघी गुडघ्यांबद्दल बोललो.

नात खाली आली ती घामाघूम होऊन. माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, “आजी, वरून ना, मूर्ती आणि देऊळ, दोन्ही दिसतात. एक सवाल आहे. त्या दिवशी तू पण वर गेली होतीस ना, फिर तेरे को कैसा लगा था?”

तिला मी मायची गोष्ट सांगितली होती, यांची सांगितली होती. माझ्याबद्दल तिने कधी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. मी आठवून बघितलं. माझ्या मुलीचं नाव ठेवायच्या आधीच ती गेली होती, हे नातीला सांगावं का असा विचार केला, आणि मग सांगितलं. बाटलीचं झाकण उघडून तिने मला पाणी दिलं.

“दमले होते,” मी म्हटलं. “फार दमले होते.”

गाडी उशिरा होती. फलाटावरच्या बाकावर आम्ही मुरमुरे खात बसलो.